पासिंगची वही

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत तिसऱ्या दिवशी केलेले भाषण)



याच जागी गेल्या वर्षी ज्ञानेश्वरीवर व्याख्यान झाले, त्याआधीच्या वर्षी होळकरांच्या बारवांवर. यंदा कार्यकारिणीने दोन गॅरेजवाल्यांना बोलावले. चिटणीसांचा फोन आला तेव्हा आम्हाला वाटले, मंडपाच्या जनरेटरचे काही काम निघाले असेल. विषय त्यांनीच दिला, 'वाहन तपासणी आणि इलेक्ट्रॉनिक नोंदी'. आम्ही दोघे भाऊ आहोत. उभा थोरला आहे, पण हे लिहिले दोघांनी मिळून, म्हणून बोलताना 'आम्ही' म्हणणार. तो मोठेपणा समजू नये.

वडिलांनी 1974 साली लोहामंडीजवळ गॅरेज टाकले. तेव्हापासून आमचे एक ठरलेले काम आहे, गाडी 'पासिंग'ला तयार करून देणे. सरकारी कागदावर त्याला फिटनेस सर्टिफिकेट म्हणतात, योग्यता प्रमाणपत्र. मोटार वाहन कायदा 1988, कलम 56. भाड्याने चालणारी बस, ट्रक, टॅक्सी, शाळेची व्हॅन, या सगळ्यांना ते लागते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन-दोन वर्षांचे मिळते, पुढे दरवर्षी काढावे लागते. आपल्या घरच्या मोटारीला आणि स्कूटरला नोंदणीची पंधरा वर्षे संपेपर्यंत कोणी विचारत नाही, म्हणून पासिंग म्हणजे काय ते आपल्यापैकी बहुतेकांना माहीत नसते. पण त्यात बसून आपणच जातो. आपली नातवंडे तर रोज जातात.

आता पासिंगला तयार करणे म्हणजे काय, ते जसे आहे तसे सांगतो. गाडी धुवायची, बंपरला रंग मारायचा, मागे लाल आणि पुढे पांढरी चमकपट्टी लावायची, फुटलेला इंडिकेटर बदलायचा, हॉर्न वाजतो ना ते बघायचे. इथपर्यंत ठीक. पण आमच्या गॅरेजच्या माळ्यावर चार चांगले टायर ठेवलेले असत. त्यांना आम्ही पासिंगचे टायर म्हणत असू. ज्याचे टायर गुळगुळीत झाले असतील त्याला ते एका दिवसासाठी लावून द्यायचे, गाडी पास होऊन आली की काढून पुन्हा माळ्यावर. आग विझवण्याचे नळकांडेही तसेच, या गाडीतून त्या गाडीत. मालक म्हणायचा, "भिया, बस आज का दिन निकलवा दो," आणि आम्ही दिवस काढून द्यायचो. शहरात असे करणारे आम्ही एकटे नव्हतो, हे खरे आहे. पण ते सांगून आमचा भार काही हलका होत नाही.

हे आज इथे का सांगतो, त्याला कारण आहे. सात वर्षांपूर्वीच्या श्रावणात मंडळाची सहल ओंकारेश्वरला निघाली होती, ते इथल्या निम्म्या लोकांना आठवत असेल. सिमरोलच्या पुढे भेरूघाट उतरताना मिनीबसचे ब्रेक लागेनासे झाले. चालक शहाणा होता. त्याने दरीची बाजू सोडून गाडी डोंगराच्या कडेला घासत नेली आणि मुरमाच्या ढिगात घातली. कोणी दगावले नाही. दोघांना टाके पडले. आणि एका काकूंचे खुब्याचे हाड मोडले. त्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांची परवानगी घेऊनच हे बोलतो आहोत.

पोलीस आले तेव्हा कागद बघितले. विमा चालू, परमिट चालू, पीयूसी चालू, फिटनेस चालू. फिटनेस तर तीन आठवड्यांपूर्वीचेच होते. पंचनाम्यात गाडी कागदोपत्री सुस्थितीत असल्याचे लिहिले गेले.

त्या मिनीबसचे पासिंगचे काम आम्ही केले होते.

हे मंडळाला तेव्हा माहीत नव्हते. बस ठरवणाऱ्यांनी ट्रॅव्हल्सवाल्याला फोन केला, त्याने गाडी पाठवली. गाडी कोणाकडून पास झाली हे कोण विचारतो? आम्ही काकूंकडे दवाखान्यात डबा घेऊन गेलो, पण हे बोललो नाही. पुढे दीड वर्षाने बोललो. काकू एवढेच म्हणाल्या, "मग तुम्हाला दिसलं नव्हतं का रे?"

दिसले होते. आमच्या गॅरेजात वडिलांच्या वेळेपासून एक वही असते. आलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर, काय केले, काय राहिले, किती पैसे झाले, सगळे त्यात. सहलीनंतर आम्ही त्या मिनीबसची तीन वर्षांची पाने काढली. पहिल्या वर्षी लिहिले आहे, 'मागचे डावे ओले. रबर किट टाकले.' दुसऱ्या वर्षी, 'मागचे डावे पुन्हा ओले. सिलिंडर बदलायला हवा. मालक नंतर म्हणतो.' तिसऱ्या वर्षी एकच शब्द आहे. 'पुसले.'

ज्यांचा गाडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे उलगडून सांगतो. चाकाच्या ड्रमच्या आत एक छोटा सिलिंडर असतो. पेडल दाबले की तेलाच्या दाबाने तो लायनर ड्रमवर दाबतो. त्या सिलिंडरचे रबर गेले की तेल पाझरते, लायनर ओला होतो, आणि ओला लायनर धरत नाही. म्हणजे चार चाकांपैकी एक चाक ब्रेकच्या कामात भागच घेत नाही. सपाट रस्त्यावर हे चालकालाही फारसे कळत नाही. बाकीची तीन चाके गाडी थांबवतात. घाटात मात्र पेडलवर पाय सारखा ठेवला जातो, तीन चाकांवर चौघांचे ओझे पडते, ती तापतात, आणि फार तापलेला लायनरसुद्धा धरत नाही. मग पेडल दाबूनही गाडी पुढेच जात राहते. चढताना जो गिअर, तोच उतरताना, असे जुने चालक सांगत. त्याचे कारण हेच.

आता त्या दिवशी तपासणाऱ्या निरीक्षकाची बाजूही सांगायला हवी. त्याने पैसे खाल्ले असे आम्ही म्हणणार नाही, कारण त्याने खाल्ले नव्हते. त्याच्यापुढे मैदानात गाड्यांची रांग उभी होती. त्याने दिवे पाहिले, वायपर पाहिले, चासी नंबर कागदाशी ताडून पाहिला, आणि चालकाला म्हणाला, जरा पुढे घे, ब्रेक मार. रिकामी गाडी, सपाट जमीन, एकदाच मारलेला ब्रेक. गाडी थांबली. नेकीने केलेल्या त्या तपासणीत ते चाक दिसणे शक्यच नव्हते. आणि गेल्या दोन वर्षांत त्या चाकाचे काय झाले होते, हे त्याला सांगणारे काही नव्हते. त्याच्यापुढे ती गाडी दरवर्षी नव्याने जन्मल्यासारखी उभी राहायची. तिची कुंडली होती, पण ती लोहामंडीतल्या एका तेलकट वहीत होती, आणि वही ठेवणारे गप्प होते.

म्हणून चिटणीसांनी विषय दिला तेव्हा आम्ही लगेच हो म्हटले.

सरकारने सप्टेंबर 2021 मध्ये स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम काढले. त्यात गाडी मैदानात नाही, एका लांब शेडमध्ये यंत्रांवरून पुढे सरकते. ब्रेकसाठी जमिनीत रोलर बसवलेले असतात. एका आसाची दोन चाके त्यांवर चढवायची. रोलर चाके फिरवतात, चालक ब्रेक दाबतो, आणि डाव्या चाकाने किती जोर लावला, उजव्याने किती, हे वेगवेगळे मोजले जाते. आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे यंत्र हेच. मागच्या आसावर समजा उजव्या चाकाचा आकडा दोनशे दहा आला आणि डाव्याचा नव्वद, तर रंग कितीही चकचकीत असू दे, ते डावे चाक पुसून लपत नाही. पुढे हेडलाइटचा झोत किती उंच जातो ते, धूर, चाकांची सरळ रेष, स्टिअरिंगच्या सांध्यांचा ढिलेपणा, वेगमापकाचा खरेपणा, असे एकेक होत जाते. आकडे यंत्राकडून थेट संगणकात जातात. मधे पेन नाही.

या नियमांतली एक गोष्ट गॅरेजवाला म्हणून आम्हाला फार पटली. तपासणी केंद्र चालवणाऱ्याने गाडीची दुरुस्ती करायची नाही, सुटे भाग विकायचे नाहीत. ज्याने दोष काढायचा, त्याचा त्या दोषात धंदा नसावा. आमच्या व्यवसायातल्या काहींना हे टोचले. आम्हाला नाही.

अर्थात कायदा झाला आणि उद्यापासून सगळे सुरू झाले असे आपल्याकडे होत नाही. अवजड गाड्यांना ही तपासणी सक्तीची करण्याच्या तारखा ठरल्या, पुढे गेल्या, पुन्हा ठरल्या, कारण केंद्रेच पुरेशी उभी राहिली नव्हती. आणि गंमत बघा. आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर पीथमपूरला नॅट्रॅक्स आहे. तिथला 11.3 किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक 2021 साली खुला झाला, तेव्हा आपण सगळ्यांनी एकमेकांना व्हिडिओ पाठवले. नव्या गाडीची परीक्षा घ्यायला एवढा मोठा ट्रॅक, आणि दहा वर्षे घासलेल्या गाडीला 'जरा पुढे घे, ब्रेक मार'.

इथे एक गैरसमज दूर करतो. इलेक्ट्रॉनिक म्हटले की आपल्याला मोबाईलमधला कागद आठवतो. 2018 मध्ये नियम बदलला, डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधले आरसी आणि लायसन्स चालू लागले, प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदांचे पुडके घेऊन फिरायची कटकट गेली. सोय मोठी झाली. पण ती नोंद आहे का? आज कोणत्याही बसचा नंबर एमपरिवहनमध्ये टाका. फिटनेस अमुक तारखेपर्यंत, विमा अमुक तारखेपर्यंत, पीयूसी अमुक तारखेपर्यंत, असे दिसेल. म्हणजे आपल्याला तारीख दिसते. मोजमाप दिसत नाही. भेरूघाटातल्या मिनीबसची तारीखही चांगली अकरा महिने शिल्लक होती.

आमचा भाचा इंग्लंडमध्ये असतो. मागच्या दिवाळीत आला तेव्हा तिथे जुनी गाडी घेतल्याची हकीकत सांगत होता. ती ऐकून आम्ही दोघे रात्री एकपर्यंत त्याच्या फोनमध्ये डोके घालून बसलो. तिथे या तपासणीला एमओटी म्हणतात. 1960 साली सुरू झाली तेव्हा फक्त दहा वर्षांहून जुन्या गाड्यांची असे, ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग एवढीच. 2005 च्या सुमाराला ती संगणकावर आली, आणि आज कोणीही माणूस, गाडीचा मालक नसला तरी, सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून फुकट पाहू शकतो. गाडी कोणत्या वर्षी नापास झाली, कशात झाली, तेव्हा मीटर किती होता, सगळे. भाच्याने एक गाडी घेता घेता सोडली, कारण तिचा मीटर एका वर्षी मागे गेलेला दिसला.

पण आम्ही अडकलो ते दुसऱ्याच गोष्टीवर. तिथे पास आणि नापास यांच्यामध्ये आणखी एक रकाना असतो. गाडी पास आहे, पण पुढचे ब्रेक पॅड झिजत आलेत, लक्ष ठेवा. मागच्या टायरला चिरा पडू लागल्यात. असे सल्ल्याचे शेरे. दरवर्षीचे शेरे एकाखाली एक दिसतात. धाकटा म्हणाला, "दादा, ही तर आपली वही आहे."

तेच. 'मागचे डावे ओले' हा शेरा पहिल्या वर्षी नापास करण्याजोगा नव्हता. किट टाकल्यावर गाडी खरोखर ठीक होती. दुसऱ्या वर्षी तो पुन्हा आला, तेव्हा पहिल्या वर्षीचा शेरा शेजारी दिसला असता तर कोणीही म्हणाले असते, सिलिंडर बदला, मग बोला. दोष एका दिवसात दिसत नाही, तो वर्षांच्या ओळीत दिसतो. आपल्याकडचे रोलर हे आकडे मोजतात, ते आकडे संगणकात जाऊन बसतातही. मग ते बसमध्ये बसणाऱ्याला दाखवायला अडचण काय आहे, हे आम्हाला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही. मालकाची खाजगी बाब म्हणावी, तर भाड्याने चालणाऱ्या गाडीचा ब्रेक ही खाजगी बाब कशी?

यंत्र आले म्हणजे लबाडी संपली, असेही आम्ही सांगणार नाही. आम्ही लबाडीच्या घरात राहिलो आहोत. पीयूसीला नंबरप्लेटचा फोटो सक्तीचा झाला, तेव्हा गाडीऐवजी गाडीच्या फोटोचा फोटो काढलेला आम्ही पाहिला आहे. एका गाडीचा नंबर दुसरीला लावून रोलरवर चढवणे अशक्य नाही, म्हणून चासी नंबर माणसानेच वाकून वाचायला हवा. पासिंगचे टायर रोलरवरही चालतील. फरक एवढाच, की नोंदीत टायरची अवस्था फोटोसकट राहिली आणि महिन्याभराने रस्त्यावर गाडी अडवून कोणी ती पाहिली, तर एका महिन्यात टायर इतका कसा झिजला हे विचारता येईल. आज विचारता येत नाही.

दुसरीही एक बाजू आहे. जुन्या रजिस्टरमधल्या नोंदी संगणकात चढवताना कुठे एक आकडा चुकला, तर छोट्या मालकाचे हाल कुत्रा खात नाही. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या चासी नंबरात शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' पडला होता. गाडी समोर उभी, माणूस समोर उभा, आणि संगणक म्हणतो अशी गाडी नाही. त्याची मॅजिक व्हॅन जवळजवळ दोन महिने घरी उभी राहिली, हप्ते चालू. शेवटी काम झाले, पण त्याचा त्या काळातला शाळेचा फेरा गेला तो गेलाच. वही चुकली तर खोडून दुरुस्त करता येते आणि खोडलेलेही दिसते. संगणकातली चूक दुरुस्त करायला कोणापुढे जायचे, किती दिवसांत ती व्हावी, हे तितकेच स्पष्ट लिहिलेले असावे. तालुक्याच्या गावातून एक टेंपो तपासायला दिवस मोडून शहरात यायचे, नापास झाला की परत यायचे, त्या माणसाचाही विचार व्हावा. नाहीतर तो पुन्हा 'दिवस काढून देणारा' शोधेल. आणि तो त्याला मिळेल.

शाळेच्या बसबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय इंदूरमध्ये हा विषय पुरा होत नाही. 5 जानेवारी 2018 ला बायपासवर शाळेच्या बसचा अपघात झाला, चार मुले आणि चालक गेले. त्यानंतर शहरात वेगनियंत्रक हा शब्द घरोघरी पोहोचला. गॅरेजात तो आधीही माहीत होता. पासिंगला जोडायचा आणि नंतर त्याची वायर काढायची, अशी मागणी आमच्याकडे कितीदा आली असेल, मोजलेली नाही. त्या दिवसानंतर आम्ही ते काम बंद केले. टायर मात्र भेरूघाटापर्यंत माळ्यावर होते, हेही सांगून टाकतो.

आता आमच्या गॅरेजापुरते. माळ्यावरचे टायर विकले. काही गिऱ्हाइके गेली. गाडी पासिंगला आली की वहीतली आधीची तीन वर्षे पहिल्यांदा वाचायची, मालकाला वाचून दाखवायची, आणि जे राहिले आहे ते झाल्याशिवाय हात लावायचा नाही, असे ठरवले आहे. मागच्या वर्षी धाकट्याच्या मुलीने जुन्या वह्या संगणकात उतरवायला घेतल्या. नंबर टाकला की त्या गाडीचे सगळे शेरे एकाखाली एक येतात. तिने 2009 पर्यंतच्या संपवल्या आहेत. वडिलांच्या वेळच्या वह्यांवर अडली, कारण ते मोडीत लिहीत.

मंडळाकडे एक मागणे आहे. पुढच्या महिन्यात सहल पुन्हा ओंकारेश्वरला जाते आहे. बस ठरवणाऱ्यांनी ट्रॅव्हल्सवाल्याकडे भाडे विचारताना तपासणीचा पूर्ण कागद मागावा, तारखेचा नव्हे, आकड्यांचा. मागच्या आसाचा डावा आणि उजवा आकडा शेजारी शेजारी असतील. ते जवळपास सारखे असायला हवेत. वाचता आले नाहीत तर आमच्याकडे या, आम्ही वाचून देऊ. गाडी आमच्याकडे दुरुस्त होणारी असेल, तर वाचायला दुसऱ्या कोणाकडे न्या.

काकूंनी विचारले होते, दिसले नव्हते का. ती वही बाहेर चपलांच्या रॅकजवळच्या टेबलावर ठेवली आहे, तिन्ही पानांना खूण घातली आहे. ज्यांना बघायची त्यांनी जाताना बघावी. हात लावला तरी चालेल, मात्र प्रसादाचा हात आधी पुसून घ्यावा. वही आधीच तेलकट आहे.